चुकून वापरलेल्या फोटोचे पैसे किती?

मुलांनो, प्रकल्पाच्या वहीत तुम्ही फोटो चिकटवता ना? जर्मनीतल्या एका शाळेत असाच एक प्रकल्प झाला आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं!

झालं असं, स्पॅनिश भाषेच्या तासासाठी कोर्दोबा या स्पेनमधल्या शहरावर माहिती लिहायची होती. प्रवासाच्या एका वेबसाइटवरचा फोटो त्यात लावला गेला. तो कुठून घेतला, हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. २००९ साली शाळेनं तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर टाकला. छायाचित्रकारानं मात्र परवानगी फक्त प्रवासाच्या वेबसाइटला दिली होती. त्यानं ४०० युरो भरपाई मागितली, मुलांकडून नव्हे हं, सरकारकडून.

७ ऑगस्ट २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की फोटो दुसऱ्या वेबसाइटवर टाकायला नव्यानं परवानगी हवी. आकडा योग्य की नाही, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. तो आपण सोडवून पाहू.

समजा, तुमच्या चेंडूनं शेजारच्या काकूंची काच फुटली. मुद्दाम फोडली नाही, म्हणून ती आपोआप जोडली जाते का? नाही. पैसे द्यायलाच हवेत. पण काकूंनी एका काचेसाठी अख्ख्या खिडकीचे पैसे मागितले तर? तेही बरोबर नाही.

जर्मनीच्या कायद्यात यासाठी एक छान माप आहे : आधी विचारलं असतं, तर परवानगीला जेवढे पैसे पडले असते, तेवढी भरपाई ठरवता येते. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५५वं कलम आहे. फोटोवर कुणाचा हक्क असेल अशी शंका यायलाही कारण नव्हतं, हे सिद्ध केलं, तर नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. कोर्ट वापर थांबवू शकतं आणि प्रती विकून झालेला नफा, सगळा किंवा थोडा, द्यायला लावू शकतं.

पण हे सिद्ध करणं सोपं नाही बरं का! फोटो काढला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. वर्गात शिकता-शिकवताना फोटो वापरायला आपला कायदा सूट देतो. साऱ्या जगाला दाखवणं वेगळं.

म्हणून आम्हाला वाटतं, चुकणाऱ्यानं फोटो लगेच काढावा आणि रास्त मोल द्यावं. दंडाचा बडगा जाणूनबुजून चोरणाऱ्यासाठी ठेवावा. तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना आईबाबांशी बोलून पाहा.