तिसऱ्या महिन्यात भात परत का येतो?

ताट आणि काटा : लेखमाला, भाग 7

भात, पोळी आणि साखर कमी केली की रक्तातलं इन्सुलिन खाली येतं आणि साठवलेली चरबी वापरायला शरीराला मोकळीक मिळते, हे गेल्या भागात आपण पाहिलं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. सगळं पटतं, महिना-दीड महिना जमतंही, मग घडी विस्कटते कुठे? आजचा पूर्ण भाग त्या प्रश्नाला दिला आहे, कारण वजन कमी करण्याचं खरं काम तिथेच अडतं.

सुरुवात पहिल्या आठवड्यापासून करू. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. हा कर्बोदकांचा हाताशी ठेवलेला साठा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी एकदम तोडली की पहिल्या चार-पाच दिवसांत हा साठा खाली येतो, त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा दीड-दोन किलो कमी दाखवतो. माणूस हरखून जातो. पुढच्या रविवारी कुणाकडे तरी मुंज असते. मसालेभात, जिलबी, मठ्ठा असं व्यवस्थित जेवण होतं आणि सोमवारी काटा पुन्हा होता तिथे येतो. ‘सगळं फुकट गेलं’ म्हणून बरेच जण त्या सोमवारीच नाद सोडतात. खरं तर रविवारी फक्त पाणी परत आलेलं असतं. चरबी एका जेवणाने दोन किलो वाढत नाही, आणि पाच दिवसांत दोन किलो उतरलेलीही नसते.

म्हणून काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप ठेवा असं मी आग्रहाने सांगतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानली जाते. आपल्याकडे पोटाचा घेर काट्यापेक्षा जास्त खरं बोलतो, याचं उदाहरण पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के.

पहिल्या आठवड्यातली आणखी एक अडचण मिठाची. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना चक्कर येते. पुष्कळांना वाटतं, आपल्याला हा आहार सोसत नाही. बहुतेकदा मीठ घातलेलं ग्लासभर ताक आणि पुरेसं पाणी एवढ्याने ते दोन-तीन दिवसांत निवळतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता तिसऱ्या महिन्याकडे आणि त्यापुढच्या काळाकडे येऊ. अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली 63 स्थूल व्यक्तींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार, निम्म्यांना कमी चरबीचा नेहमीचा आहार. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी 7 टक्के उतरलं होतं, दुसऱ्याचं 3.2 टक्के. वर्षअखेर हे आकडे 4.4 आणि 2.5 झाले आणि दोन्ही गटांतल्या फरकाला संख्याशास्त्राच्या दृष्टीने वजन उरलं नाही. दोन्ही गटांतून बरेच जण मधेच गळाले होते.

त्यापेक्षाही बोलका अभ्यास 2018 चा, स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांचा. 609 जण, पूर्ण एक वर्ष. कमी कर्बोदकांच्या गटाला पहिल्या आठ आठवड्यांत दिवसाला 20 ग्रॅमपर्यंत खाली यायला सांगितलं होतं. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, जन्मभर निभावेल असं वाटेल त्या पातळीवर थांबायचं. वर्षअखेर हा गट सरासरी कुठे थांबला? दिवसाला सुमारे 132 ग्रॅमवर. वजन सरासरी 6 किलो उतरलं. कमी चरबीच्या गटाचं 5.3 किलो. सरासरीत फारसा फरक नाही, पण प्रत्येक गटाच्या आत प्रचंड फरक होता: कुणी 30 किलोच्या आसपास उतरवले, तर कुणाचे उलट वाढले.

माझ्या मते कमी कर्बोदकांच्या आहाराबद्दल याहून उपयोगी माहिती दुसरी नाही. आहारतज्ज्ञांचं पाठबळ, नियमित बैठका, स्वतःची इच्छा, सगळं हाताशी असलेली माणसंसुद्धा वर्षभरात 130 ग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावली. मग आपण घरच्या घरी, कुणाच्या मदतीशिवाय, 20 ग्रॅमच्या कीटोवर, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद असलेल्या आहारावर, वर्षानुवर्षं राहू असं धरून चालणं चुकीचं आहे. बेत सुरुवातीलाच 110 ते 130 ग्रॅमचा आखावा. वजन सावकाश उतरेल, पण दिवाळीनंतरही बेत उभा असेल.

हे आपल्या ताटात म्हणजे किती? एका मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, त्यात 19 ग्रॅम कर्बोदकं. सकाळी बशीभर पोहे, म्हणजे 60 ग्रॅम कोरडे, त्यांचे 46. दोन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, 20. दुपारी तीन पोळ्या, मूदभर भात आणि वाटीभर आमटी, 103. रात्री दोन पोळ्या, भात, आमटी, 83. बेरीज अडीचशेच्या वर गेली. पाच वाजताची बिस्किटं, फळ, भाजी यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. हे कुणा खादाड माणसाचं ताट नव्हे, आपल्यापैकी बहुतेकांचं रोजचं आहे. आयसीएमआरच्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीतही हेच दिसलं. भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, गव्हाचं पीठ आणि साखरेचा आहे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला भाकरीचा. ‘मी पोळी सोडली, आता भाकरीच खाते’ असं अभिमानाने सांगितलं जातं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या कणकेत 64, नाचणीत 67, बाजरीत 62. भाकरीत तंतुमय भाग चांगला, ती पोटाला आधार देते, ती जरूर खावी. पण थापलेली भाकरी पोळीपेक्षा जाड असते, तिला 50 ग्रॅम पीठ सहज लागतं. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी आल्या तर कर्बोदकं वाढली. दुसरा गैरसमज उपासाचा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, 100 ग्रॅममध्ये 88 ग्रॅमच्या आसपास. खिचडीची एक भरलेली बशी, वर बटाट्याच्या फोडी, सोबत रताळ्याचा कीस, असा उपास केला की आठवड्यातला सर्वांत जास्त कर्बोदकांचा दिवस तोच ठरतो. उपास मोडू नका. दाण्याची आमटी, दही, भेंडीची किंवा लाल भोपळ्याची उपासाची भाजी, मूठभर खोबरं, काकडीची कोशिंबीर यांवर तो छान निभतो. घरात उपासाला काय चालतं आणि काय नाही ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

भात काढला की ताटात जागा रिकामी होते. ती कशाने भरायची हे ठरवलं नाही तर तिसऱ्या महिन्यात भात आपसूक परत येतो. नुसती काकडी खाऊन कुणाचं पोट भरत नाही. लागतं ते प्रथिन. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला ते सोपं आहे. तळलेल्या बांगड्याचे दोन तुकडे, सुक्याची चटणी, सोलकढी आणि एकच भाकरी, भाताशिवायही ते जेवण पुरं वाटतं. अंडी खाणाऱ्यालाही फार विचार करावा लागत नाही. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिन, कर्बोदकं नगण्य. खरी ओढाताण शाकाहारी घरात होते. तुरीच्या डाळीत 22 टक्के प्रथिन असलं तरी 55 टक्के कर्बोदकं आहेत, आणि आपली आमटी तर पातळ असते, वाटीत डाळ थोडी आणि पाणी जास्त. आमटी घट्ट करा, मोड आलेली मटकी-मूग उसळ म्हणून वाटीभर घ्या, घरी लावलेलं दही आणि पनीर ताटात आणा. आणि सोयाबीनचा विचार करा. त्यात 36 टक्क्यांच्या आसपास प्रथिन आहे, कर्बोदकं डाळींच्या मानाने फार कमी. लातूर, वाशिम, अकोल्याकडे शेतंच्या शेतं सोयाबीनची उभी असतात, पण ते तेलाच्या गिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांना. ते पिकवणाऱ्या घरांतल्या ताटात मात्र क्वचित दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भाजलेलं सोयाबीन दळणात मिसळता येतं, दहा किलो गव्हाला एक किलो. कच्चं मात्र दळू नका, ते पचनाला अडथळा करतं.

एवढं करूनही भूक वाढणारच, आणि त्यात तुमचा दोष नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केव्हिन हॉल यांच्या गटाने 2016 मध्ये मांडलेला हिशेब असा: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला साधारण 100 कॅलरींनी वाढते, आणि शरीराचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो. पाच किलो उतरले की पोट रोज पाचशे कॅलरी जादा मागतं. वजन उतरायला लागल्यावर भूक उफाळते ती त्यामुळे. अशा वेळी प्रथिन सकाळच्या पहिल्या खाण्यातच आलं तर दिवस सुसह्य जातो. पोह्यांच्या जागी मुगाची दोन धिरडी आणि दही, किंवा दोन अंडी, यांचा फरक अकरा वाजता कळतो.

आता स्वयंपाकघराबद्दल. ज्या घरात बाईच सगळ्यांचं करते, तिथे तिचा आहार सर्वांत आधी मोडतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. संध्याकाळी साडेसातला ती बारा पोळ्या लाटते. मुलाने एक ठेवलेली असते, नवऱ्याला आज भूक नसते, डब्यात दोन उरतात. कुकरच्या तळाशी वाटीभर भात. सकाळी शिळं कोण खाणार? ओटा आवरताना, उभ्या उभ्या, ते सगळं तिच्याच पोटात जातं. तिच्या स्वतःच्या ताटात त्या दिवशी एकच पोळी होती. अशा घरात इच्छाशक्तीवर भाषणं देऊन उपयोग नाही. कणीक मोजून भिजवा, भात मोजून लावा, आणि उरलं तर त्याची जबाबदारी घरातल्या सगळ्यांची. नवऱ्याने आणि मुलांनी रात्रीच्या जेवणातला भात आठवड्यातले चार दिवस सोडला तर तिचा आहार टिकतो. पंगतीतल्या आग्रहालाही आधीच उत्तर तयार ठेवा. लग्नात एक जिलबी घ्या आणि भाताला हात आडवा करा. दोन्ही नाकारलं तर वाढणारा ऐकत नाही, एक स्वीकारलं की ऐकतो.

कमी कर्बोदकांच्या आहाराचं सर्वांत जुनं प्रसिद्ध उदाहरण विल्यम बँटिंग यांचं. राजघराण्याच्या अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्या लंडनच्या व्यवसायातला हा माणूस. 66 व्या वर्षी उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे जवळपास 92 किलो. वाकून बुटांचे बंद बांधता येत नसत, जिना उतरताना पाठमोरं उतरावं लागे. ऐकू कमी येतं म्हणून ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेले आणि त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर तोडायला सांगितलं. वर्षभरात 46 पौंड उतरले. 1863 मध्ये बँटिंग यांनी स्वतःच्या खर्चाने त्यावर छोटी पुस्तिका छापली. तिच्यातला दिनक्रम मी बारकाईने वाचला तो एका गोष्टीसाठी: न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला एक-एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम, कोरडा टोस्ट आहे, शिवाय फळं आहेत. पाव पूर्ण बंद कधीच नव्हता, तो मोजून होता. बँटिंग 1878 मध्ये 81 वर्षांचे होऊन गेले.

आपल्या ताटात त्या 28 ग्रॅमची जागा एका भाकरीला द्यायला हरकत नाही. दुपारी एक भाकरी, रात्री एक पोळी, सकाळी धिरडी, घट्ट आमटी, उसळ, दोन भाज्या, दही, चहात अर्धा चमचा साखर. हे सगळं मिळून 120 ग्रॅमच्या आसपास बसतं, आणि अशा ताटासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

एक सूचना मात्र कळकळीने. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर भात-पोळी कमी केल्यावर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं फार तोडली, तर साखर सामान्य दिसत असूनही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. डॉक्टरांना भेटा, गोळीचं प्रमाण आधी ठरवून घ्या, ताटाला हात त्यानंतर लावा. आहार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा कोलेस्टेरॉल तपासा; काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं.

पुढच्या भागापर्यंत प्रत्येकाने तीन दिवसांचं ताट लिहून काढावं, त्यात एक सुट्टीचा दिवस असावा. कणीक, तांदूळ आणि साखर शिजवण्याआधी मोजा, ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलंही लिहा. पुढच्या आठवड्यात तीच वही घेऊन आपण बाहेरच्या खाण्याकडे वळू: ऑफिसचं कँटीन, एसटीचा थांबा आणि लग्नाचा हॉल.