गरम ग्रिप: बेंगळुरूच्या गाडीला कशाला?

आज बोलूया मोटरसायकलच्या गरम ग्रिपबद्दल. हँडलच्या रबरी मुठीत तापणारी तार असते, ती बॅटरीवर चालते आणि तळहात ऊबदार ठेवते. बेंगळुरूत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "इथे थंडी आहे कुठे?" प्रश्न रास्त आहे. या शहराचं आजवरचं सर्वांत कमी नोंदलेलं तापमान ७.८ अंश, आणि तेही जानेवारी १८८४ मधलं.

पण गाडीवरच्या थंडीत वारा मिसळलेला असतो. हवा १० अंश आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती हवा ५ अंशांसारखी लागते. डिसेंबरात पहाटे चारला निघून तुमकूर, चित्रदुर्गमार्गे बेळगाव-कोल्हापूर गाठणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. इथून लडाखला जाणाऱ्यांची गोष्ट तर आणखी कठीण. बारालाचा खिंडीत शून्य अंशात त्याच वेगाने गेलात, तर हाताला ते उणे ९ अंशांसारखं लागतं.

हे लाड नव्हेत. बधिर बोटं ब्रेकवर उशिरा वळतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे ८ मीटर जास्त. समोर ट्रक थांबलेला असेल तर ते ८ मीटर फार महाग पडतात.

आता वीज. ग्रिपची जोडी पूर्ण तापवल्यावर साधारण ३ ते ४ अँपिअर घेते, म्हणजे १२ व्होल्टवर ३६ ते ४८ वॅट. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतोच, म्हणजे तो खर्च आधीच ठरलेला. त्यात फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि वर ग्रिप आल्या की गाडीची वीज पुरेल का, हे आधी पाहायला हवं. गाडीच्या पुस्तिकेत अल्टरनेटरचे वॅट दिलेले असतात. त्यातून इंजिनाची स्वतःची गरज आणि दिवे वजा करा. सगळा हिशेब पूर्ण वेगाचा असतो हेही ध्यानात ठेवा. सिल्क बोर्डच्या सिग्नलला इंजिन मंद चालत असताना वीज कमी तयार होते. तिथे ग्रिप बंद ठेवलेल्या बऱ्या.

खरेदी करताना हँडलची जाडी मोजा. बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटरचं हँडल असतं. उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या प्लास्टिक नळीवर बसते, म्हणून तिचं भोक मोठं असतं. डावी थेट लोखंडावर बसते. लोखंड उष्णता ओढून घेतं, म्हणून काही गाड्यांवर डावी मूठ जरा थंड वाटते. तो बिघाड समजू नका. जे. सी. रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत फ्यूज, रिले आणि वायर सहज मिळतात.

बसवायची पद्धत अशी. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जुन्या ग्रिप ब्लेडने चिरून काढा. उजवीकडे प्लास्टिक नळीला चरा पडू देऊ नका. नवी ग्रिप कोरडीच सरकवून पाहा. उजव्या ग्रिपची वायर कुठून निघते ते नीट बघा. ही मूठ फिरते, तेव्हा वायर ब्रेकच्या दांड्याला किंवा केबलला अडकता कामा नये, आणि पूर्ण पिळल्यावर ताणली जाता कामा नये. जागा पक्की झाली की गोंद लावा आणि रात्रभर सुकू द्या.

ग्रिपची वीज थेट बॅटरीवरून घ्या, पण मध्ये रिले घाला. रिलेच्या ३० क्रमांकाला बॅटरीची पॉझिटिव्ह, मध्ये सेटबरोबर सांगितलेला फ्यूज, बॅटरीच्या जितक्या जवळ तितका बरा. ८७ वरून ग्रिपला. ८६ ला चावी फिरवल्यावर सुरू होणारी एखादी वायर, आणि ८५ अर्थिंगला. यामुळे चावी बंद तर ग्रिप बंद. नाहीतर ८ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरने कागदावर २ तासांत संपते, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात वर करतो. जोड डाख देऊन किंवा दाबून घट्ट करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसती टेप पावसाळ्यात टिकत नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

शेवटी दोन तपासण्या, आणि या चुकवू नका. पहिली: ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो आपोआप टचकन मागे आला पाहिजे. मग इंजिन मंद चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. रेस वाढली, तर वायर किंवा केबल ओढली जातेय. ती सैल केल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. दुसरी: दिवा आणि ग्रिप चालू ठेवून, इंजिन थोडं रेसवर असताना बॅटरीला मल्टीमीटर लावा. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर ठीक. १२.५ च्या खाली उतरत असेल, तर बॅटरी खर्च होतेय.

एक मर्यादा सांगतो. ग्रिप तळहात तापवते, वारा मात्र हाताच्या पाठीवर बसतो. म्हणून आधी हँडगार्ड लावा. त्याला वीज लागत नाही. आणि हातमोजा तळव्याला पातळ, पाठीला जाड असा घ्या. जाड तळव्याचा मोजा थंडीबरोबर ग्रिपची ऊबही बाहेरच ठेवतो. हँडगार्ड आणि असा मोजा घेऊन एक पहाट नंदी हिल्सला जाऊन या. तरीही बोटं कुडकुडली आणि पुढे लांबचा प्रवास ठरलेला असेल, तर ग्रिपवर खुशाल खर्च करा.