सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा वाहतो, तेव्हा स्कॅन काय शोधतो?

सायनसच्या कर्करोगासाठी वरच्या जबड्याचा भाग काढला, जखम भरली, आणि काही महिन्यांनी त्याच बाजूचा डोळा सारखा वाहू लागला, तर ते दुखणं अंगावर काढू नका.

अश्रू डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून आत शिरतात, अश्रुपिशवीत येतात आणि हाडातल्या अश्रुनलिकेतून नाकात उतरतात. ही नलिका गालामागच्या सायनसच्या आतल्या भिंतीतून जाते. तिथली गाठ पुरती काढायची, तर नलिकाही बऱ्याचदा कापावी लागते. म्हणूनच अनेक सर्जन तिचं तोंड त्याच वेळी रुंद करून ठेवतात किंवा आत सिलिकॉनची बारीक नळी घालतात. तरीही व्रण आकसून वाट बंद होऊ शकते. रेडिएशननेही ती अरुंद होते. भातखाचराच्या बांधातली पाण्याची वाट बुजली, की पाणी मागे तुंबतं, तसे अश्रू पिशवीत साचतात आणि पुढे पूही होतो.

पहिली तपासणी स्कॅनची नसते. नेत्रतज्ज्ञ आधी पापणी खाली ओघळली आहे का, डोळा नीट मिटतो का, हे पाहतात, कारण त्यानेही पाणी येतं. मग छिद्रातून सलाइन सोडतात. ते घशात उतरलं तर वाट मोकळी. उलटं बाहेर आलं तर अडथळा आहे.

अडथळा नेमका कुठे आणि कशाचा, हे स्कॅन सांगतो. सीटीत हाड उत्तम दिसतं: किती काढलं, नलिकेची भिंत उरली का, प्लेट कुठे बसवली आहे. छिद्रातून डाय सोडून सीटी काढला, तर डाय जिथे थांबतो ती जागाही कळते. वाट उघडी असूनही पाणी वाहत असेल, तर अणुवैद्यकाची तपासणी उपयोगी पडते. टेक्नेशियम ९९-एमचा छोटा थेंब डोळ्यात घालतात आणि तो नाकापर्यंत कसा पोचतो, हे गॅमा कॅमेरा टिपतो. या द्रव्याची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते आणि मात्राही अगदी कमी असते.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र वेगळा असतो: तिथे नुसतं पाणी साचलंय, की आजार परतलाय? तुंबलेली पिशवी डोळ्याच्या कोपऱ्यात गोल फुगवटा करते आणि तो गाठीसारखाच वाटतो. इथे एमआरआय मदतीला येतो. एका प्रकारच्या चित्रात साचलेलं पाणी लख्ख पांढरं दिसतं, जुना व्रण काळपट, तर गाठ बहुधा मधल्या छटेची. शिरेतून डाय दिल्यावर पिशवीची फक्त पातळ कड उजळते. गाठीचा आतला भरीव भागही उजळतो. तरीही शंका उरली, तर तुकडा काढून तपासावाच लागतो.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर सूज असते, म्हणून उपचार संपल्यावर साधारण २ ते ३ महिन्यांनी एक पायाभूत स्कॅन काढून ठेवतात. पुढचा प्रत्येक स्कॅन त्याच्याशी ताडून पाहतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना जुन्या स्कॅनची सीडी, शस्त्रक्रियेची नोंद आणि गाठीचा अहवाल बरोबर घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही; रेडिओलॉजिस्टला जुनी चित्रंच पाहावी लागतात. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, डायची अ‍ॅलर्जी आणि अंगात बसवलेला धातू यांची माहिती आधीच द्या.

आजार नाही आणि वाट फक्त व्रणाने बंद आहे असं ठरलं, तर डीसीआर शस्त्रक्रियेने पिशवीतून नाकात नवी वाट करता येते. पण डोळ्याचा कोपरा लाल होऊन दुखला, ताप आला, अश्रूंत रक्त दिसलं, गाल बधिर झाला, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर अंधूक झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.