स्कॉलरशिपचं गणित : काय खरं, काय ऐकीव

चौथी-पाचवीचं मूल घरात असलं की ओवे, खारघर, तळोजा या पट्ट्यात दिवाळीनंतर एकच विषय निघतो : स्कॉलरशिप. 1954-55 पासून चालत आलेली ही परीक्षा आज पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पालकांना सर्वांत धास्ती असते ती गणिताची, आणि या धास्तीला बऱ्याचदा ऐकीव माहितीच कारण असते.

गैरसमज : ही परीक्षा वर्गातल्या पहिल्या पाच मुलांसाठीच आहे.
वस्तुस्थिती : परीक्षा ऐच्छिक आहे आणि कोणत्याही मुलाला बसता येते. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात 40 टक्के गुण लागतात, म्हणजे 75 पैकी 30 प्रश्न बरोबर यावे लागतात. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीनुसार ठरावीक मुलांनाच मिळते. पात्र ठरलेल्या मुलाला 'यादीत नाव नाही' म्हणून नापास समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : गणित पक्कं असलं की पेपर निघतो.
वस्तुस्थिती : पाचवीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न एकत्र येतात. वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. मूल अडखळत वाचत असेल, तर हा वेळ उदाहरण समजण्यातच संपतो. त्यामुळे रोज मोठ्याने वाचन करणं हीसुद्धा गणिताचीच तयारी आहे.

गैरसमज : युक्त्या आणि सूत्रं पाठ केली की झालं.
वस्तुस्थिती : समजा, पनवेलहून 9:48 ला सुटलेली लोकल मुंबईला 11:08 ला पोहोचली. प्रवासाला किती वेळ लागला? नेहमीची वजाबाकी केली तर 1.60 येतं, आणि मूल '1 तास 60 मिनिटे' हा पर्याय निवडून मोकळं होतं. तासाची 60 मिनिटं असतात हे ज्याला उमगलंय, ते 9:48 पासून 10 पर्यंत 12 मिनिटं, पुढे 11 पर्यंत एक तास आणि वर 8 मिनिटं मोजतं. उत्तर 1 तास 20 मिनिटं. दुसरं उदाहरण : 7372 मधल्या दोन सातांच्या स्थानिक किमतींतला फरक किती? 7000 वजा 70, म्हणजे 6930. इथे वजाबाकी सोपी आहे. कस लागतो तो स्थानिक किमतीच्या समजेचा. पाढे पाठ हवेतच, कारण त्यांनी वेळ वाचतो. पण कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं, हे पाढे सांगत नाहीत.

गैरसमज : जितक्या जास्त सराव प्रश्नपत्रिका, तितके जास्त गुण.
वस्तुस्थिती : चुका न तपासता सोडवलेली दहावी प्रश्नपत्रिका पहिलीतल्याच चुका पुन्हा करवते. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहून घ्या : वाचण्यात चुकलं, आकडेमोडीत चुकलं, की संकल्पनाच कळली नव्हती? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. उत्तरपत्रिकेत गोल रंगवण्याचा सरावही आधी करून घ्या, कारण पेनने रंगवलेला गोल नंतर बदलता येत नाही.

गैरसमज : मोठ्या भावाचं गाईड आहे, तेच चालेल.
वस्तुस्थिती : चौथी-सातवीची ही परीक्षा 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली. ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये घेतला. म्हणून आपल्या मुलाच्या इयत्तेचं परिषदेचं ताजं परिपत्रक शाळेत पाहूनच पुस्तक निवडा. पाया मात्र बालभारतीचं पाठ्यपुस्तकच.

गैरसमज : ओवे गाव आहे, म्हणजे नवोदयला ग्रामीण जागा मिळेल.
वस्तुस्थिती : जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात हे खरं. पण ओवे 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, आणि नवोदयचा निकष गावाच्या नावावर जात नाही. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी मूल शहरी गटात मोजलं जातं. अर्ज भरण्याआधी शाळेकडून हे स्पष्ट करून घ्या. निवड चाचणीत 80 पैकी 20 प्रश्न अंकगणिताचे आणि 40 मानसिक क्षमतेचे असतात.

गैरसमज : शाळेतल्या सरकारी सर्वेक्षणासाठीही क्लास लावायला हवा.
वस्तुस्थिती : डिसेंबर 2024 मधल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक मुलांची चाचणी झाली. त्यातून राज्याचं आणि जिल्ह्याचं चित्र कळतं, एकेका मुलाचा निकाल लागत नाही. तिथे घोकंपट्टी करून घेतली, तर खरी उणीव झाकली जाते आणि मदत हवी असलेल्या शाळेपर्यंत ती पोहोचत नाही.

रोज अर्धा तास पुरतो : पाच शाब्दिक उदाहरणं, आणि त्यातलं एक मुलाने आपल्याला समजावून सांगायचं. उत्तर बरोबर आलं तरी 'कसं काढलंस?' हे विचाराच. ज्या मुलाला आपली रीत सांगता येते, ते नवा प्रश्न पाहून बिचकत नाही. यादीत नाव येवो वा न येवो, सहावीत त्याला हीच समज उपयोगी पडणार आहे.