बायोमेकॅनिक्सचा प्रोफेसर नेमताना

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांच्या पायाला सवय होती लाल मातीची. तिथे कुस्ती गादीवर होती आणि नियमही वेगळे होते. रीस गार्डनर या अमेरिकन माजी विजेत्याने त्यांना तिथे शिकवले. त्या वेळी खाशाबा सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊनच परतले. माती पाय रुतवून घेते, गादी तसा रुतवत नाही. मग पायाने जमिनीला दिलेला जोर उलटा किती मिळतो, कधी मिळतो, कंबर त्या जोराचे काय करते? वस्तादाला हे डोळ्यांनी कळते. ते आकड्यांत मांडणाऱ्या शास्त्राला बायोमेकॅनिक्स म्हणतात, आणि त्या श्रमात शरीर प्राणवायू, साखर, उष्णता कशी हाताळते हे सांगणारे ते व्यायामशास्त्र.

आता समजा, कराड परिसरातल्या एखाद्या विद्यापीठाने ठरवले की या विषयाचा एक प्रोफेसर नेमायचा. कल्पना हवेतली नाही. मलकापूरला 2005 पासून अभिमत दर्जा असलेले कृष्णा विश्व विद्यापीठ आहे, तिथे वैद्यकीय आणि फिजिओथेरपीचे शिक्षण चालते. 1960 पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय कराडलाच आहे. गावोगावी तालमी आहेत आणि हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरणारे ऊसतोड मजूर आहेत. अभ्यासाला माणसे आहेत, मशिन समजणारे आहेत, दुखणे समजणारे आहेत. अडचण असते ती नेमणुकीच्या कागदांत.

ती अडचण अशी की हा विषय कोणा एकाचा नाही. या पदासाठी उमेदवार निदान चार दारांतून येतात. पहिले दार शारीरिक शिक्षणाचे: एम.पी.एड., नेट किंवा सेट, मग पीएच.डी. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही या वाटेवरची जुनी ठिकाणे. दुसरे दार फिजिओथेरपीचे. तिसरे वैद्यकीय शरीरक्रियाशास्त्राचे. चौथे अभियांत्रिकीचे, म्हणजे मेकॅनिकल किंवा बायोमेडिकलमध्ये शिकून चालण्या-धावण्यावर संशोधन केलेला माणूस. प्रत्येक दारावर वेगळी चौकी. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांवर एनसीटीई, अभियांत्रिकीवर एआयसीटीई, वैद्यकावर राष्ट्रीय वैद्यक आयोग, आणि फिजिओथेरपीसाठी 2021 च्या कायद्याने आलेला संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग. पद कोणत्या विद्याशाखेत टाकले यावर कोणाचे नियम लागू होणार हे ठरते.

म्हणून पहिले काम जाहिरात काढण्याचे नाही. पद कुठल्या विभागात बसवायचे आणि त्या माणसाने आठवडाभर काय करायचे, हे एका पानावर लिहून काढण्याचे आहे. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवणे, चाल-विश्लेषणाची प्रयोगशाळा चालवणे, खेळाडूंची चाचणी, मजुरांच्या कंबरदुखीवरचे संशोधन: यातले मुख्य कोणते? सगळेच लिहिले तर कोणीच सापडत नाही.

मग जाहिरात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांनुसार प्रोफेसरपदासाठी संबंधित, संलग्न किंवा सुसंगत विषयातली पीएच.डी. लागते. शिवाय तज्ज्ञांनी तपासलेल्या किंवा आयोगाच्या (2025 मध्ये बंद झालेल्या) यादीतल्या नियतकालिकांत किमान 10 शोधनिबंध, 10 वर्षांचा अध्यापनाचा किंवा संशोधनाचा अनुभव आणि 120 संशोधन गुण. पदाचे अर्धे भवितव्य ‘संबंधित, संलग्न किंवा सुसंगत’ या तीन शब्दांत आहे. जाहिरातीत ‘शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी आवश्यक’ असे लिहिले की आयआयटीत गुडघ्यावर पीएच.डी. केलेला इंजिनिअर छाननीतच बाद होतो, मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. उलट नुसते ‘सुसंगत विषय’ लिहून मोकळे झाले तर आयुष्यात पायाचा जोर मोजणारी फोर्स प्लेट न पाहिलेल्यांचेही अर्ज येतात, आणि छाननी समिती कारकुनी बुद्धीने त्यातल्या कोणालाही आत घेऊ शकते. चारही शाखांची नावे घालून, त्यापुढे ‘पीएच.डी.चे काम किंवा प्रकाशने मानवी हालचालींच्या मोजमापावर असणे आवश्यक’ अशी एक ओळ जोडावी, असे मला वाटते. ती ओळ लिहायला अर्धा तास लागतो आणि पुढचे सहा महिने वाचतात.

नंतर सुचले म्हणून निकष बदलता येत नाहीत. भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम मध्येच बदलायचे नाहीत, नियमांतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे. शासकीय विद्यापीठात जाहिरातीआधी आरक्षणाची बिंदुनामावली आणि शासनाची मान्यता ही पायरी असते. त्यात किती काळ जातो हे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांना विचारावे.

अर्ज आले की गुणांचा हिशोब. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच अन्याय होतो, म्हणून सावकाश पाहू. 2018 च्या तक्त्यात शोधनिबंधाला विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक या गटात मूळ 8 गुण आहेत. भाषा, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य या गटात 10. शारीरिक शिक्षण दुसऱ्या गटात टाकलेले आहे. म्हणजे तोच गुडघा, तोच कॅमेरा, तोच निबंध, पण विद्याशाखा बदलली की गुण बदलतात. त्यावर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे भर पडते. तो 2 ते 5 असेल तर 20 गुण. वैद्यकाच्या गटात असा एक निबंध 28 गुणांचा झाला. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला त्याचे 70 टक्के, म्हणजे 19.6, आणि बाकी प्रत्येकाला 30 टक्के, म्हणजे 8.4.

बायोमेकॅनिक्समध्ये एकट्याने निबंध होत नाही. एक जण खेळाडू आणतो, एक कॅमेरे लावतो, एक प्रोग्रॅम लिहितो, एक डॉक्टर एमआरआय वाचतो. चार-सहा नावे सहज होतात. प्रयोगशाळा उभी करणारा माणूस पुष्कळदा मधल्या नावांत असतो आणि त्याच्या पदरात 8.4 पडतात. वरच्या दराने 120 गुणांसाठी मुख्य लेखकाला सात निबंध पुरतात, मधल्याला पंधरा लागतात. गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात, त्यामुळे मार्गदर्शन केलेल्या पीएच.डी., प्रकल्प, पेटंट यांचे कागदही नीट तपासावे लागतात. छाननी करणाऱ्याने प्रत्येक निबंधात उमेदवाराने नेमके काय केले हे विचारणारा एक रकाना अर्जात ठेवला, तर आकड्यांमागचा माणूस दिसतो. नियमाने त्याला बंदी नाही.

जाता जाता एक गंमत. याच विनियमांत महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकाला शारीरिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषाने 12 मिनिटांत 1800 मीटर, स्त्रीने 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर काटायचे. धावणे मोजणाऱ्या प्रोफेसरला मात्र जिनाही चढून दाखवावा लागत नाही. तक्रार नाही, मोजणाऱ्याने धावलेच पाहिजे असे कुठे आहे?

निवड समितीत कुलगुरू अध्यक्ष, कुलपतींनी नेमलेला एक शिक्षणतज्ज्ञ, तीन बाहेरचे विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता आणि विभागप्रमुख असतात. मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीत त्या वर्गाचे कोणी नसेल तर तसा एक शिक्षणतज्ज्ञही. गणपूर्तीला किमान चार जण, त्यांत दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ हवेतच. तिन्ही तज्ज्ञ एकाच दारातले बोलावले की खेळ तिथेच संपतो. फिजिओथेरपीचे तिघे जण इंजिनिअरची समीकरणे वाचत नाहीत आणि तिघे इंजिनिअर रुग्णाशी कसे बोलायचे ते विचारत नाहीत. प्रत्येक बाजूचा एक-एक असावा.

आणि मुलाखत फक्त टेबलाभोवती घेऊ नये. उमेदवाराला प्रयोगशाळेत न्यावे. प्रयोगशाळा नसेल तर कच्च्या नोंदींची एक फाइल द्यावी. सोपा प्रश्न पुरतो. एक पैलवान उभ्या जागी उडी मारतो. पाय जमीन सोडतात तेव्हापासून टेकेपर्यंतचा वेळ फोर्स प्लेट देते. त्यावरून उडीची उंची काढा. सूत्र शाळेतले आहे: गुरुत्वीय त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले आठ. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण 31 सेंटिमीटर. आता पैलवानाने उतरताना गुडघे दुमडले. पाय उशिरा टेकले, वेळ 0.55 सेकंद झाला आणि उंची 37 सेंटिमीटर निघाली. सहा सेंटिमीटर उडी फुकटात मिळाली! चांगला उमेदवार आकडा सांगण्याआधी विचारेल, ‘उतरतानाचा व्हिडिओ आहे का?’ आणि मग उडी घेतानाच्या जोराच्या आलेखावरून, म्हणजे आवेगावरून, उंची पुन्हा काढून दाखवेल.

दुसरा प्रश्न ढाक या डावाचा. प्रतिस्पर्ध्याला कमरेवर घेऊन फेकताना कंबरेच्या मणक्यांवर किती भार येतो, हे कसे मोजाल? कॅमेऱ्यांची पद्धत अंगावर चिकटवलेल्या चकाकत्या मार्करवर चालते. पैलवानाच्या घामाने मार्कर निसटतात, दोन अंगे एकमेकांत गुंतली की झाकले जातात, आणि मांडीवरचा मार्कर हाडासोबत हलत नाही, कातडी नि स्नायूंसोबत हलतो. जो म्हणेल ‘सगळे मोजता येते’, त्याच्यापासून जपून राहावे. जो आधी एकट्या पैलवानाला डमी फेकायला लावू म्हणेल, चुकीची मर्यादा सांगेल, नैतिकता समितीची परवानगी नि पैलवानाची संमती यांचा विषय स्वतः काढेल, त्याला पुढचे प्रश्न विचारावेत. ऊसतोड बाईच्या डोक्यावरच्या मोळीचाही प्रश्न जरूर असावा. तिला प्रयोगशाळेत आणायचे की उपकरण फडावर न्यायचे, यावर उमेदवाराचा स्वभाव कळतो.

वस्तादांना या साऱ्यात जागा आहे का? प्रोफेसर म्हणून नाही. पण आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या निष्णात माणसाला पदवीची अट नाही, मुदत जास्तीत जास्त चार वर्षे, आणि अशी पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या आत. तालमीतला जाणता वस्ताद आणि मोजणारा प्रोफेसर एका विभागात बसले तर दोघांचेही काम सुधारेल.

निवड झाली की बाकीचे ठरलेले असते. आयोगाच्या वेतनरचनेत प्रोफेसर स्तर 14 वर येतो, सुरुवातीचे मूळ वेतन 1,44,200 रुपये. आठवड्याला 14 तास प्रत्यक्ष अध्यापन, एका वेळी जास्तीत जास्त आठ पीएच.डी. विद्यार्थी, एक वर्ष परिविक्षा. पण नेमणूकपत्रात उपकरणांबद्दल काही नसेल तर उमेदवाराने रुजू होण्याआधीच विचारावे आणि संस्थेनेही लपवू नये. फोर्स प्लेट ही टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे. ती पक्क्या पायावर, फरशीच्या पातळीत बसवावी लागते. वरच्या मजल्यावर शेजारून कोणी चालले तरी आलेख थरथरतो. म्हणजे तळमजल्याची खोली हवी, धावत येऊन प्लेटवर पाय टाकून पुढे थांबता येईल एवढी लांब. ती खोली आज कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे आणि ती रिकामी कोण करून देणार, हे जाहिरातीच्या आधी ठरवलेले बरे.