पायाचा निरोप कुठे अडला?

बऱ्हाणपूर सोडून इंदूरच्या रस्त्याला लागलं की असीरगड लांबूनच दिसू लागतो. गेल्या पावसाळ्यात तिथल्या चढाच्या अलीकडेच आमच्या गाडीने मान टाकली. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, एक्सलरेटर तळापर्यंत दाबलेला, तरी चाल बैलगाडीची. समोर इंजिनचा पिवळा दिवा, मागे ट्रकचा हॉर्न.

अशा वेळी आधी रस्त्यातून बाजूला व्हायचं, कारण नंतर शोधायचं. चारही इंडिकेटर लावून, उरलेल्या वेगावर डाव्या कडेला यायचं. चालत्या गाडीचं इंजिन मात्र बंद करू नये. स्टेअरिंग जड होतं आणि दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो.

जुन्या मारुती ८००मध्ये पेडलपासून इंजिनपर्यंत तारेची केबल होती. ती तुटली की पाय मोकळाच खाली जायचा आणि काय बिघडलं ते लगेच कळायचं. आजच्या गाड्यांत केबल नाही. पेडलच्या बुडाशी असलेला सेन्सर पाय किती दाबला हे विजेच्या दाबात सांगतो, कंप्युटर ते वाचतो आणि एका छोट्या मोटरला हुकूम देतो. पेट्रोल गाडीत ती मोटर थ्रॉटल बॉडीतली गोल झडप उघडते, हवा आत जाते, त्या मापाने पेट्रोल पडतं. म्हणजे पाय दाबणं हा आता फक्त निरोप आहे.

तो कुठे अडला हे शोधायची रीत बऱ्हाणपूरकराला शिकवावी लागू नये. १६१५ साली, मुघल सरदार अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, इथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून मुरत आलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहराकडे येतं आणि वर ओळीने शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे बोगद्यात उघडणाऱ्या विहिरी, आहेत. पाणी कमी झालं तर सगळा बोगदा कशाला उकरायचा? कुंड्यांतून डोकावत जायचं. एकीत पाणी आहे आणि पुढचीत नाही, तर अडथळा त्या दोघींच्या मधे.

गाडीतली पहिली कुंडी म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा. पाय दाबल्यावर काटा चढतो पण वेग वाढत नाही, तर इंजिनपर्यंत निरोप पोचलाय. संशय क्लच प्लेटवर किंवा गिअरबॉक्सवर घ्यावा. काटाच हलत नसेल तर दोष अलीकडे. आमचा काटा जागचा हलत नव्हता.

गाडी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली, तर ती ठीक चालू लागली. इथेच पुष्कळ जण फसतात. नव्याने चालू झाल्यावर कंप्युटर सगळं पुन्हा तपासतो आणि त्या क्षणी चूक दिसली नाही तर गाडी सोडतो. बिघाड तिथेच असतो. आम्ही घाट चढायचा बेत सोडला आणि गावातलं गॅरेज गाठलं.

मिस्त्रींनी स्कॅनर जोडला. पेडलच्या सेन्सरमधून दोन आकडे येतात, कारण आत एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन मापक असतात. पुष्कळ गाड्यांत एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असतो. दोन साक्षीदारांचं बोलणं जुळलं तरच कंप्युटर पायावर विश्वास ठेवतो. जुळलं नाही तर गाडी आपोआप सुसाट सुटू नये म्हणून तो इंजिनची ताकदच आवळतो. गॅरेजच्या भाषेत हा लिम्प मोड. त्या रस्त्यावर मला गाडीचा राग आला होता, पण ती मला वाचवत होती.

“हळू दाबा, भाऊ. अजून हळू.” ०.८ आणि ०.४ व्होल्ट. मग १.६ आणि ०.८. मिस्त्रींनी पेडलमागची वायर जरा हलवली, तसा दुसरा आकडा एकदम शून्यावर पडला. प्लग काढला तर एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा गंज. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाला साचून पावसाचं पाणी आत झिरपत होतं. मी स्वतः पेडल बदलायला निघालो होतो, तेही नव्या सेन्सरसकट!

प्रत्येक वेळी प्लगच निघेल असं नाही. थ्रॉटलच्या झडपेभोवती काजळी धरते, कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यात चुन्याचे थर धरतात तशीच, आणि झडप अडकते. कधी उंदीर वायर कुरतडतात. कधी पायाखालची जाड मॅट सरकून पेडलखाली जाते. म्हणून मी आधी मॅट बघतो, तिला पैसे पडत नाहीत. डिझेल गाडी उचलत नसेल तर तुंबलेला फिल्टर किंवा टर्बोचा फाटलेला पाइपही बघावा.

मिस्त्रींनी जाळीतला पाला काढला, पिना साफ करून वाळवल्या, सैल झालेली एक घट्ट केली आणि कंप्युटरमधला बिघाडाचा जुना कोड पुसला. मग मला पुन्हा पेडल दाबायला लावून ते वायर हलवत राहिले. पडद्यावर दोन्ही आकडे बरोबरीने चढत गेले, पेडल तळाला लागेपर्यंत.