पापणीचे आत वळलेले केस

डोळ्यात धुळीचा एक कण गेला, तरी माणूस हातातले काम टाकून डोळा चोळू लागतो. पाण्याने डोळा धुतला की कण निघून जातो आणि दुःख संपते. परंतु खुपणारी वस्तू बाहेरून आलेली नसून पापणीवरच उगवलेली असेल, तर ती कितीही पाण्याने धुऊन जात नाही. पापणीचे केस आत वळून डोळ्याच्या पृष्ठभागावर घासू लागणे, हा असाच एक विकार आहे. तो दिसावयास क्षुल्लक वाटतो. पण त्याकडे दुर्लक्ष झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणूनच त्याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

रक्षणाची व्यवस्था

वरच्या पापणीवर सुमारे ९० ते १५० आणि खालच्या पापणीवर सुमारे ७० ते ८० केस असतात. वरचे केस वरच्या बाजूस व खालचे केस खालच्या बाजूस वळलेले असल्यामुळे, डोळा मिटताना ते एकमेकांत गुंतत नाहीत आणि बुबुळास स्पर्शही करीत नाहीत. धूळ, कीटक व घाम यांना ते बाहेरच अडवितात. केसाला जरासा धक्का लागताच पापणी आपोआप मिटते.

ज्या भागाचे हे रक्षण चालते, तो म्हणजे डोळ्याच्या पुढील काचेसारखा पारदर्शक पडदा. यास स्वच्छमंडल असे म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. प्रकाशाच्या वाटेत अडथळा येऊ नये म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. मात्र संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू त्यात इतके दाट पसरलेले असतात की, शरीराच्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या भागात तेवढे आढळतील. म्हणूनच एक बारीकसा केसदेखील तेथे कुसळासारखा बोचतो.

आता थोडा हिशेब करून पाहावा. माणूस जागेपणी मिनिटाला निदान पंधरा वेळा पापण्या लववितो. सोळा तासांच्या जागेपणात ही संख्या १४,४०० होते. म्हणजे आत वळलेला एकच केस दिवसाकाठी चौदा हजारांहून अधिक वेळा त्या नाजूक पडद्यावरून घासत जातो. पडद्याचा वरचा थर एकदा खरचटला, तर तो एकदोन दिवसांत भरून येतो. परंतु रोज पुनःपुन्हा खरचटत राहिल्यास त्याला भरून येण्यास सवडच मिळत नाही. अशा उघड्या जागेतून जंतू शिरतात, व्रण होतो आणि व्रण बरा झाला तरी मागे पांढरा डाग राहतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे लोक म्हणतात, ते हेच. फूल बाहुलीसमोर पडले, तर दृष्टी अंधुक होते किंवा जाते.

केस आत का वळतात?

पापणी ही दोन पदरी असते. बाहेरचा पदर त्वचा आणि स्नायू यांचा, तर आतला पदर एका चिवट पट्टिकेचा व तिला चिकटलेल्या ओलसर अस्तराचा असतो. या अस्तरास नेत्रश्लेष्मला म्हणतात. एखाद्या रोगाने किंवा जखमेने आतल्या पदरावर व्रण पडले की, ते भरताना तेथील पेशीजाल आकसते. उन्हात वाळत घातलेला पापड ज्या बाजूने लवकर सुकतो, त्या बाजूस वळतो. तद्वतच पापणीची कडही आकसलेल्या आतल्या बाजूस ओढली जाते आणि केसांची टोके डोळ्याकडे फिरतात.

या विकाराचे काही प्रकार आहेत. कधी पापणीची कड जागच्या जागी असते, पण काही केसच वाकड्या दिशेने उगवतात. कधी पापणीची संपूर्ण कड आत वळते. वार्धक्यात पापणीचे स्नायू व बंध सैल पडल्यामुळे खालच्या पापणीचे असे होते. कित्येकांस जन्मतःच केसांची एक जादा रांग असते. काही लहान मुलांत खालच्या पापणीलगतची त्वचेची घडी केसांना आत ढकलते. मूल वाढू लागले की हा दोष पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. याखेरीज पापणीच्या कडेची दीर्घकाळ टिकणारी सूज, चुन्याने किंवा आम्लाने झालेला दाह, भाजणे आणि औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने होणारे काही गंभीर विकार हीही कारणे आहेत.

बंगळूर येथील मिंटो नेत्र रुग्णालय हे भारतातील जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक होय. १८९६ साली एका लहान दवाखान्याच्या रूपाने त्याचा आरंभ झाला आणि १९१३ पासून ते आपल्या आजच्या इमारतीत चालू आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांचे नाव त्यास देण्यात आले. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांनी जखमी झालेले रुग्ण दरवर्षी या रुग्णालयात येतात. अशा प्रसंगी बुबुळ वाचले म्हणजे सर्व संकट टळले असे समजणे चुकीचे आहे. भाजलेली पापणी भरून येताना आकसली, तर कित्येक महिन्यांनंतरही केस आत वळू शकतात. म्हणून जखम बरी झाल्यावरही काही काळ तपासणी चालू ठेवावी लागते.

खुपरी : एक जुना शत्रू

तथापि जगात या विकाराचे सर्वांत मोठे कारण खुपरी हा रोग आहे. इंग्रजीत त्यास ट्रॅकोमा म्हणतात. १९०७ साली हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोन शास्त्रज्ञांनी जावा बेटावर या रोगाच्या पेशींत विशिष्ट कण पाहिले. पुढे चीनमधील तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यांत हा जंतू वाढविण्यात यश मिळविले आणि १९५७ साली ते प्रसिद्ध केले. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हे त्या जंतूचे नाव.

हा रोग मुलांच्या डोळ्यांतील व नाकातील स्राव, मळके हात, सामाईक पंचा आणि माश्या यांच्या द्वारे पसरतो. बालपणी पुनःपुन्हा संसर्ग झाला की, वरच्या पापणीच्या अस्तरावर व्रण साचत जातात आणि पंचवीस-तीस वर्षांनी केस आत वळू लागतात. आजारी मुलांची शुश्रूषा करण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असल्यामुळे त्यांना हा संसर्ग अधिक वेळा होतो. साहजिकच या विकाराने दृष्टी गमावणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आढळते.

भारतात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कोरड्या व धुळीच्या प्रदेशांत या रोगाचे प्राबल्य होते. १९६३ साली राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ मध्ये तो अंधत्व-नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाला. १९७१ साली देशातील अंधत्वापैकी ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे होते. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. शस्त्रक्रिया, प्रतिजैविक औषधे, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा या चार उपायांवर जागतिक आरोग्य संघटनेने भर दिला होता. २०२१ ते २०२४ या काळात पूर्वी रोगग्रस्त असलेल्या २०० जिल्ह्यांत आत वळलेल्या केसांच्या रुग्णांची पाहणी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले.

हे यश मोठे आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. संसर्ग थांबला, तरी ज्यांच्या पापण्यांवर बालपणी व्रण पडले, त्यांचे व्रण पुसले गेलेले नाहीत. आज वृद्धत्वाकडे झुकलेल्या अशा व्यक्तींचे केस अजूनही आत वळू शकतात. रोग गेला म्हणून त्यांना विसरणे योग्य होणार नाही.

उपचार

हा विकार प्राचीनांस अज्ञात नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या नावाने त्याचे वर्णन आहे. पापणीवरील त्वचेचा जवाच्या आकाराचा तुकडा कापून काढावा आणि कडा केसाने शिवून टाकाव्यात, असे तेथे सांगितले आहे. बाहेरची त्वचा ताणली की पापणीची कड बाहेरच्या बाजूस फिरते, हे तत्त्व त्यामागे आहे. आणि आजच्या काही शस्त्रक्रियांतही तेच उपयोगी पडते.

आज वैद्य प्रथम निदान पक्के करतो. डोळ्यांची आग, पाणी येणे, लाली आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे डोळे येणे, कोरडेपणा किंवा ॲलर्जी यांतही आढळतात. शिवाय दोषी केस कधीकधी इतका आखूड व फिकट असतो की नुसत्या नजरेस तो दिसत नाही. म्हणून स्लिट लँप नावाच्या सूक्ष्मदर्शक उपकरणाने पापणीची कड तपासतात आणि डोळ्यात फ्लुओरेसीन हा रंग घालून निळा प्रकाश टाकतात. स्वच्छमंडल जेथे खरचटले असेल, तेथे हिरवी चमक दिसते.

दोनचार केसच वळले असतील, तर ते चिमट्याने मुळापासून उपटतात. यामुळे तत्काळ आराम पडतो; परंतु साधारण सहा ते आठ आठवड्यांत केस पुन्हा उगवतो. केस वारंवार त्रास देऊ लागला, तर त्याचे मूळच नष्ट करावे लागते. त्यासाठी मुळाशी बारीक सुई घालून विद्युत्प्रवाह सोडणे, लेसर किरणांचा उपयोग करणे किंवा अतिशीत उपकरणाने मूळ गोठविणे असे उपाय आहेत. पहिले दोन उपाय मोजक्या केसांसाठी सोयीचे ठरतात. गोठविण्याची क्रिया एकाच वेळी पुष्कळ केसांवर करता येते. मात्र तिने त्वचेचा रंग फिका पडण्याचा किंवा पापणीच्या कडेस खाच पडण्याचा संभव असतो.

पापणीची कडच आत वळली असेल, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पापणी बधिर करून आतली पट्टिका आडवी कापतात, कड बाहेर फिरवितात आणि टाके घालून ती त्या स्थितीत बसवितात. ही क्रिया लहान आहे. इथिओपियासारख्या देशात प्रशिक्षित आरोग्यसेवकही ती खेड्यापाड्यांत करतात. तथापि काही रुग्णांत केस पुन्हा आत वळतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही वेळोवेळी तपासून घेणे आवश्यक असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कोणत्याही शस्त्रक्रियेने पापणी सरळ होते; पण पडलेले फूल तिने जात नाही. फुलाने गेलेली दृष्टी परत मिळवावयाची, तर दान केलेल्या नेत्राचे स्वच्छमंडल बसवावे लागते आणि तत्पूर्वी केस दुरुस्त करावेच लागतात, नाहीतर ते नव्या पडद्यासही घासू लागतील. म्हणून जे वाचवावयाचे, ते फूल पडण्यापूर्वीच वाचविले पाहिजे.

घरच्या घरी काय करावे?

डोळा चोळू नये. साध्या चिमट्याने घरीच केस ओढण्याचा मोह टाळावा; कारण केस मुळापासून न निघता मध्येच तुटला, तर उरलेले ताठ खुंट पूर्वीपेक्षा अधिक बोचते. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले, लाली घालविणारे थेंब वापरू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास जंतूंचा जोर वाढतो आणि डोळ्यातील दाब वाढण्याचाही धोका असतो. घरात प्रत्येकाचा पंचा निराळा असावा आणि मुलांचे तोंड रोज स्वच्छ धुवावे. चुन्याची डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यात गेलाच, तर ताबडतोब भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन रुग्णास नेत्रवैद्याकडे न्यावे.

घरातील वृद्ध व्यक्ती उजेडाकडे पाठ करून बसत असेल, पदराने सतत डोळे टिपत असेल, तर वयोमानाने असे व्हावयाचेच, असे म्हणून स्वस्थ बसू नये. उजेडात नेऊन तिच्या पापणीची कड एकदा नीट पाहावी आणि तिला वैद्याकडे न्यावे. एक केस वेळीच निघाला, तर एक डोळा वाचतो.